कान्हूतात्या आणि मुंबईचे नळ

मुंबई बघायला कान्हूतात्यांबरोबर कधी जाऊ नये. मी गेलो होतो, म्हणून सांगतो. समुद्र राहतो बाजूला, राणीची बाग राहते बाजूला, आणि माणूस दिवसभर नळ बघत हिंडतो.

तात्या तानशाकडचे. मुंबईला पाणी पाजणाऱ्या तिथल्या धरणाच्या अंगाला त्यांचा भाताचा तुकडा आहे. शहापुरात माझं भांड्यांचं दुकान, तिथे ते दर बाजाराला टेकतात. पाणी दिलं की आधी घोट तोंडात घोळवायचा, डोळे मिटायचे आणि निकाल द्यायचा, "भातशाचं हाय." नाहीतर, "बोरिंगचं! फेक रे!" कुठे नळ गळताना दिसला, तर गिऱ्हाईक ढकलून तो बंद करायला धावणार.

महिन्यातून एकदा आसनगावला गाडी पकडून स्वारी मुंबईला. कशाला, तर आपलं पाणी कुठे जातं ते बघायला. "पोरगी दिली की सासर बघतो ना मानूस? मंग पान्याचं नको बघाया?"

म्हातारा थापा मारतोय, असं मला वाटायचं. एकदा दुकान बायकोवर टाकलं आणि गेलो बरोबर.

पहिलं ठिकाण मलबार हिलची बाग. लोक फुलांपुढे फोटो काढत होते. तात्यांनी चपला काढून हातात घेतल्या. "पायाखाली टाकी हाय. ही एवढी! बाग तिच्या पाठीवर बसलीय." मग एका जोडप्याला म्हणाले, "जरा सरका. तुमी आमच्या पान्यावर उभे हाय." ती पोरं खरंच सरकली हो! मी लाजेने अर्धा झालो.

मग पाणपोया. दगडी, घुमटाच्या, गाईची तोंडं कोरलेल्या. माल घ्यायला मी इतकी वर्षं काळबादेवीला जातो, पण कधी मान वर करून बघितलं असेल तर शपथ. आटलेली पाणपोई दिसली की तात्या तिच्यावरून हात फिरवायचे, "बिचारी!" म्हणायचे. चालू असली की ओंजळ. "चव बग. आपलंच हाय!" मला औषधाच्या वासापलीकडे काही कळलं नाही, पण एव्हाना मीच पुढची पाणपोई शोधू लागलो होतो.

"आणि आपल्याकडे वैशाखात टँकर," मी म्हटलं.

"तर काय! घरचे उपाशी, भायेरचे तुपाशी."

दुपारी घशाला कोरड पडली. तात्यांच्या पिशवीत पाण्याची बाटली होती. मी हात घातला, तर त्यांनी ती हिसकावलीच. "ती नको! ती वनीकडं गेल्यावर प्याया."

वनी म्हणजे त्यांची एकुलती लेक, काळाचौकीला दिलेली. बाटली मांडीवर घेऊन तात्या बोलायला लागले तेव्हा सगळा उलगडा झाला. आमच्याकडे जुन्या माणसांत चाल आहे: लेकीला मूल होईपर्यंत बापाने तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही. वनीच्या लग्नाला बरीच वर्षं झाली. मूल नाही.

"पोर गिलास भरून आनते. मी नाय म्हनतो नि ही बाटली काडतो. ती गिलास मागं नेते. कालीज तुटतं रे माजं."

"मग प्या की! कोण बघायला बसलंय?" मी चिडलोच.

"नेम मोडला नि तिला काय झालं तर? पन तिच्या नळाला तानशाचं पानी येत असल, तर ते तिच्या घरचं कुठं? ते माज्या बांधाकडचं. आपलंच पानी प्यायला कसली बंदी?"

त्यासाठी हा माणूस मुंबईभर नळ चाखत होता!

वनीच्या गल्लीत पाणी सोडणारा चावीवाला भेटला. तात्यांनी त्याला धरलं. तो हसला. "काका, तानसा, भातसा, सगळं एकात एक होऊन येतं. कुठलं कुठलं ते देवाला पण नाय कळणार."

तात्या फुटपाथवरच बसले. तोंड एवढंसं झालं. मला दयाही आली आणि रागही.

"अहो, भातसा काय परमुलखात आहे? धरण आपल्याच तालुक्यातलं. तुमची मेव्हणी दिलीय तिकडे! कुठलंही असलं तरी आपलंच!"

तात्यांनी मान वर केली. "मेव्हनीकडचं चालंल?"

"न चालायला काय झालं! उठा."

वनीने दार उघडलं. आम्हाला बसवलं, पाणी आणलं. मला हातात दिलं. बापाचा ग्लास सवयीने बाजूला ठेवला आणि ती आत वळली. तात्यांनी तो उचलला. घोळवणं नाही, डोळे मिटणं नाही. गटागटा प्यायले.

"बाबा!" वनी दारातच थबकली. "तू पानी..."

"आपलंच हाय गो," तात्यांनी रिकामा ग्लास पुढे केला. "आनखी दे."

ती ग्लास घेऊन मोरीकडे गेली. नळ सोडल्याचा आवाज आला. ग्लास केव्हाच भरला असणार, पण ती येईना. पाणी नुसतं वाहत होतं आणि मधूनच तिचा हुंदका ऐकू येत होता.

तात्यांनी बाटली पिशवीत खाली सारली. जागचे मात्र हलले नाहीत. नळ त्यांनी तसाच वाहू दिला.