एका उभ्या गाडीची ध्वनिजुळणी

वाहन हे माणसाला एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी नेण्यासाठी असते, असा समज समाजाच्या काही थरांत अजूनही आढळतो. मुलुंड पूर्वेच्या आमच्या सोसायटीने तो केव्हाच मोडीत काढला आहे. आमच्याकडे पार्किंगच्या जागा नेमून दिलेल्या नाहीत. ज्याची गाडी उभी, त्याची जागा. त्यामुळे गाडी बाहेर काढणे म्हणजे जागेचा राजीनामा देणे, आणि तो ताबडतोब मंजूर करायला फाटकाबाहेर काही गाड्या कायम टपलेल्या असतात (त्यांतली एक माझी). आमच्या सभासदांच्या गाड्यांना आजवर एकही अपघात झालेला नाही. वाहतूक खात्याने याची दखल घ्यायला हरकत नव्हती.

तिसऱ्या मजल्यावरच्या नंदकुमारांनी आयुष्यातली पहिली गाडी घेतली, ती अशीच एक जागा रिकामी झाली म्हणून. गाडी उभी केली, हार घातला, पेढे वाटले, आणि मग तिचे करायचे काय हा प्रश्न उरला. विचारांती तिच्यात बसून गाणी ऐकायचे ठरले. घरात ते शक्य नव्हते. घरात टीव्ही, मुले आणि माधुरीवहिनी आहेत, आणि तिघांचाही आवाज नंदकुमारांपेक्षा मोठा आहे.

पहिल्यांदा स्टिरिओ बसवणाऱ्याने करायची ती चूक नंदकुमारांनी शिस्तीत केली. त्यांनी डब्यावरचा मोठा आकडा बघून स्पीकर आणले आणि त्याहून मोठा आकडा बघून अ‍ॅम्प्लिफायर आणला. जुळणीसाठी घाटकोपरच्या धवलला बोलावले. (गाडी दुकानात नेता येत नसल्याने दुकान गाडीकडे आणावे लागले.)

"डब्यावरचे वॅट बघू नका ना, नंदूभाई," धवल म्हणाला. "तो पीक आकडा आहे. क्षणभराचा. आरएमएस बघा, म्हणजे रोजचा किती ते."

नंदकुमार विमा कंपनीत आहेत, त्यामुळे त्यांना लगेच कळले. पीक म्हणजे साहेब समोर असतानाचे काम, आरएमएस म्हणजे एरवीचे. त्यांच्या हजार वॅटच्या अ‍ॅम्प्लिफायरचे एरवीचे काम साठ वॅट निघाले. असा अशक्त अ‍ॅम्प्लिफायर मोठ्या स्पीकरवर जोर लावायला गेला की आवाज फाटतो, आणि तो फाटका आवाज स्पीकर जाळून टाकतो. शिवाय ओहमचे बघावे लागते. ओहम म्हणजे स्पीकर करतो ती अडवणूक. ती फार कमी असेल तर अ‍ॅम्प्लिफायर वाहवत जातो आणि तापून बंद पडतो. फार जास्त असेल तर त्याच्या हातून काहीच होत नाही. (आमच्या कार्यकारिणीतही हीच व्यवस्था आहे. तिथे ओहमला पोटनियम म्हणतात.)

अखेर दोन्ही वस्तू बदलल्या गेल्या. स्पीकरला झेपेल तेवढेच अ‍ॅम्प्लिफायर देईल आणि अ‍ॅम्प्लिफायरला झेपेल तेवढेच स्पीकर अडवेल, अशी जुळणी झाली. मी स्वतः ऐकले आहे. आवाज झकास होता. एवढे समजूतदार जोडपे आमच्या इमारतीत दुसरे नाही.

एकच अडचण राहिली. इंजिन कधी चालू होत नसल्याने बॅटरी भरत नव्हती आणि गाणी ती पिऊन टाकत होती. यावर डिकीत फक्त गाण्यांसाठी दुसरी बॅटरी बसवण्यात आली आणि तिच्या चार्जिंगची वायर तिसऱ्या मजल्यावरून खाली सोडण्यात आली. मूळ बॅटरीचा विषय सवडीने घ्यायचे ठरले.

तेवढ्यात माधुरीवहिनींच्या वडिलांचे, भाऊरावांचे, घाटकोपरला मोतीबिंदूचे ऑपरेशन झाले. भाऊराव सरकारी खात्यात ड्रायव्हर होते. जन्मभर त्यांनी मागे बसलेल्या साहेबांना पोहोचवले. स्वतः मागच्या सीटवर कधी बसले नाहीत. आता जावई आपल्याला मागे बसवून नेणार, हे त्यांनी अख्ख्या वॉर्डला सांगून ठेवले होते.

घरी सोडायच्या दिवशी सकाळी नंदकुमारांनी किल्ली फिरवली. गाडी 'टक्' म्हणाली आणि विषय संपवला. त्यांनी धवलला फोन लावला.

"डिकीतली बॅटरी लावा ना पुढे," धवल म्हणाला. "सुरू होईल."

मी धावत जाऊन बॅटऱ्या जोडायची केबल आणली. शेजारधर्म म्हणूनच आणली. माझी गाडी फाटकाबाहेर आधीपासून सुरू होती, हा योगायोग. नंदकुमारांनी केबलकडे पाहिले, मग डिकीकडे, मग फाटकाकडे.

"जुळणी बिघडेल," ते म्हणाले. "आणि जागाही जाईल."

"जाऊ दे ना मग जागा!" माधुरीवहिनी ओरडल्या. "नंदू, बाबा कपडे घालून बसलेत रे. नर्सना पण सांगितलंय त्यांनी."

अशी विधाने रागात केली जातात. आमच्याकडे ती इतिवृत्तात घेत नाहीत. वहिनी एकट्याच रिक्षाने गेल्या आणि वडिलांना रिक्षानेच घेऊन आल्या.

भाऊराव उतरले तेव्हा एका डोळ्यावर पट्टी होती. त्यांनी दुसऱ्या डोळ्याने गाडी पाहिली, तिच्यावरून हात फिरवला आणि कोणी काही बोलायच्या आत मागचे दार उघडून आत बसले.

"नंदकुमार, पुढे बसा," ते म्हणाले. "समजा, आता दवाखान्यातून निघालोय. चला."

नंदकुमार पुढे बसले, स्टिअरिंग धरले आणि गाणे लावले. स्पीकरांनी गाडी अशी हादरवली की खड्ड्यांचीही सोय झाली. भाऊराव मान मागे टेकून, हात पोटावर ठेवून साहेबासारखे बसले होते.

"कुठवर आलो?" दोन गाण्यांनंतर त्यांनी विचारले.

"विक्रोळी," नंदकुमार म्हणाले. त्यांचा आवाज फाटला. (जुळणीत दोष नव्हता.)

"बाबा, पुरे आता, डोळ्यात औषध घालायचंय," वहिनी बाहेरून म्हणाल्या.

"थांब गं. भांडुप तरी येऊ दे."

खोटे कशाला सांगू, मला फार वाईट वाटले. केबल हातात तशीच होती. मी ती गुंडाळली.

वाचकहो, नंदकुमारांना हसून झाले असेल तर जरा खिडकीतून खाली पाहा. आहे ना तुमची गाडी जागच्या जागी, कव्हर घातलेली? तिच्यात घरातले म्हातारे माणूस शेवटचे कधी बसले होते? मन खात असेल तर खुशाल खाली जा, किल्ली फिरवून पाहा. सुरू झालीच तर त्यांना मागे बसवा आणि लांबवर एक चक्कर मारून या. जागेची काळजी करू नका. मी फाटकाबाहेरच आहे.