काकीसाहेबांनीं पॉवर बँक उघडिली त्याची हकीकत

श्रीशारदा लिहिणाराच्या हातून खरें तेंच उतरवो. शके १९४६, क्रोधीनाम संवत्सरे, माहे कार्तिक, ते समयीं राज्यांत जें वर्तलें तें येणेंप्रमाणें.

श्रीमंतांच्या धाकट्या चुलती गोजराबाईसाहेब, यांस विजेचीं लहान यंत्रें हातीं जोडण्याचा भारी नाद. रिमोटांतील सेल काढावे, खेळण्यांतील मोटार सोडवावी, आणि त्यांतून नवेंच कांहीं करावें. त्यांच्या वन्स अक्काबाई, यांस अलीकडे ऐकूं येईना. दारीं आलेलीं माणसें बेल वाजवोन माघारीं जात आणि अक्काबाई मागाहून हळहळत. मग गोजराबाईंनीं मनांत आणिलें कीं, दाराचें बटण दाबितांच आंत दिवा लागे ऐसें करावें. त्यास भक्कम सेल पाहिजेत, म्हणोन कुशाबा कोठीवाले यांजकडून थोरली पॉवर बँक आणविली. हातीं घेतां वजन उत्तम. मग सांधा सोडवोन कवच उघडिलें, तों आंत एक बारीक सेल आणि बाकी कागदांत गुंडाळिलेली वाळू. बाईसाहेबांच्या अंगाची लाही लाही जाहली. ठकविल्याचा राग होताच, परंतु वजन भरावें म्हणोन कोणी बसोन वाळूची पुडी बांधिली, नीट चिकटविली, इतकी मेहनत लबाडीवर केली, याचा संताप अधिक.

तैशाच दरबारीं गेल्या आणि वाळू दिवाणजींपुढें ओतिली. कुशाबांस बोलाविलें. ते हात जोडोन बोलिले कीं, माल सीलबंद दिला, सील बाईसाहेबांनीं मोडिलें, आतां वाळू आमची कीं त्यांच्या अंगणांतली हें कोणीं सांगावें. दिवाणजींनीं मान डोलाविली, आणि वर पुसिलें कीं, थोरल्या घरच्या बायकांनीं बॅटऱ्या फोडाव्या कशास. तेव्हां बाईसाहेब श्रीमंतांकडे वळोन बोलिल्या, "महाराज, आपलीही पॉवर बँक यांच्याच कोठींतली. आणवावी, आणि आपल्याच हातें उघडावी."

श्रीमंतांनीं टाळावयास पाहिलें, परंतु चुलतीचा शब्द, म्हणोन आणविली आणि उघडिली, तों गादीवर वाळू सांडली. सारा दरबार खालीं पाहूं लागला. आतां कुशाबांचें पारिपत्य होईल ऐसें बाईसाहेबांस वाटलें. परंतु श्रीमंत चारचौघांत लाजले, आणि लाजलेला धनी न्याय काय करणार? कुशाबांनीं श्रीमंतांस खरी पॉवर बँक नजर करावी, आणि राज्यांत कोणीं घरची बॅटरी उघडूं नये, ऐसा हुकूम जाहला.

"वाळू भरणारास मोकळीक, आणि पाहणारास मनाई," बाईसाहेब इतकेंच बोलिल्या आणि मुजरा न करितां निघोन आल्या.

घरीं येवोन रागारागानेंच तो एकला सेल तारांस जोडिला, बोटें भाजलीं, परंतु दिवा सिद्ध केला. दुसरे दिवशीं दिवा लागला आणि अक्काबाई लगबगीनें दार उघडितात, तों हुकूम घेवोन सरकारी शिपाई उभा. अक्काबाईंस पाहुण्यास आपण दार उघडिलें याचाच हर्ष. शिपायानें हुकूम वाचिला, आणि सोल्डरिंग गन व मीटर जप्त करावे ऐसेंही सांगितलें. बाईसाहेबांनीं दोन्ही पुढें ठेविलीं. शिपाई उचलीना. मग इकडे तिकडे पाहोन त्यानें पिशवींतून आपली पॉवर बँक काढिली आणि हळूच बोलिला, "बाईसाहेब, जप्तीआधीं एवढी पाहातां का?"

उघडिली. वाळूच होती.

सारांश, कोठी चालू राहिली, हुकूमही राहिला, आणि शिपाई रिकाम्या हातीं माघारीं गेला. मग घरोघर लोक दारें लावोन आपापल्या पॉवर बँका उघडोन पाहूं लागले. घडलें तैसें लिहिलें. लिहिणाराचाही राग अद्याप निवळला नाहीं.