जावयाची दुसरी बायको

अख्ख्या बोरी अरबात मला उल्लू बनवेल असा माणूस अजून जन्मला नाही. (ते काम मी स्वतःच करतो, दुसऱ्याला कशाला तकलीफ.) सातवीत मी दोनदा बसलो, पण गावाला हसवायची विद्या कोणत्या शाळेत मिळते? माझ्या खोड्या अजून गावात सांगतात. म्हणजे मीच सांगतो. लोक उठून जातात.

तर आमची निकिता, उतारवयात झालेलं शेंडेफळ, शिकायला कॅनडात गेली. शिक्षण झालं, तिकडंच नोकरी लागली आणि तिकडंच तिला महागावचा कपिल भेटला. (महागाव आमच्याच जिल्ह्यात, पण भेटायला दोघांनाही समुद्र ओलांडावा लागला.) कपिल तिकडचा पक्का झालेला. त्याला तिकडं पीआर म्हणतात. निकिता मात्र कच्ची. तिचं परमिट संपत आलेलं. नियम असा, की पक्क्या नवऱ्यानं अर्ज केला तर कच्ची बायकोही पक्की होते. फक्त लग्न खरं आहे, कागदापुरतं केलेलं नाही, हे तिकडच्या साहेबाला पटलं पाहिजे.

लग्न तर खरंच होतं हो. फेब्रुवारीत इथंच लागलं. मांडवात मी रडलो तेही खरंच होतं, पण पाहुण्यांना वाटलं नक्कल करतो.

अर्ज भरताना निकिताचा फोन आला. "बाबा, लग्नाचे फोटो पाठवा. निवडकच पाठवजा."

हे निवडक मला काही पटलं नाही. बाजारात व्यापारी सोयाबीन मूठभर पाहतो आणि मूठभर पाहूनच नाक मुरडतो. अख्खा ढीग त्याच्यासमोर ओतला की गप बसतो. साहेबासमोर ढीगच ओतायचा असं मी ठरवलं आणि अय्याजला गाठलं. अय्याज म्हणजे जफर मेकॅनिकचा पोरगा, गावचा फोटोग्राफर.

"लेका, निवडायचं काम नाई. ज्या ज्या फोटोत जावई बाशिंग बांधून हाये, ते सारे पाठव."

"सारे, काका?"

"सारे म्हंजे सारे."

"एकडाव पाहून तं घ्या."

"तुह्यापेक्षा जास्त लग्नं जेवलो मी."

अय्याज गुणी पोरगा. सांगितलं तेवढंच करतो. निकिता डबल ड्युटीत होती. तिनं न उघडताच सगळे फोटो तिकडच्या वकिलाकडं पाठवून दिले, वकिलानं न पाहताच अर्जाला लावून टाकले. पोरीनं बापावर विश्वास ठेवला. (एवढी शिकलेली असून.)

घोटाळा असा, की आमच्या गावात जावयानं बाशिंग दोनदा बांधलं होतं.

आमच्याकडं धुळवडीला खोटं लग्न लागतं. एखादा गडी नवरी होतो, डफडं वाजतं, गावातला खेमसिंग भटजी बनून मंगलाष्टकात गावातल्या भानगडी गातो, आणि अक्षतांच्या जागी राख उडते. नवा जावई गावात असला तर नवरदेव तोच. निकिता नोकरीसाठी लवकर परत गेली होती, कपिल होळीपर्यंत थांबला होता. नवरी दरवर्षी देवराव होतो, पण त्याचं नुकतंच मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. मी म्हटलं, काही हरकत नाही, मी बसतो. कोकिळेचं, म्हणजे बायकोचं पिवळं लुगडं, हातात हिरव्या बांगड्या, तोंडावर हातभर पदर. जावयाला कोणी पत्ता लागू दिला नाही. त्यानं पदर वर केला, तर आत सासऱ्याच्या मिशा! पोरगा खुर्चीसकट मागं पडला. इतकी देखणी खोडी मी जन्मात केली नव्हती.

मिशांचा फोटो मात्र निघाला नाही. नेमकं त्याच वेळी खेमसिंगनं गुलालाचं घमेलं उधळलं, फोटोत नुसता लाल धूर. बाकीचे फोटो एकदम साफ. हार घालताना, हातात हात देताना, मी लाजताना. (मी फार छान लाजलो होतो. आता सांगून काय उपयोग.)

काही महिन्यांनी पुन्हा निकिताचा फोन.

"बाबा, कपिलच्या बाजूले पिवळ्या लुगड्यात बसली ते बाई कोण हाये?"

मी हसलो. "काहून? देखणी हाये ना?"

तिकडून हुंदका ऐकू आला.

"साहेबानं इचारलं, लग्नाले महिना झाला नाई आन् नवऱ्यानं दुसरं लग्न कसं केलं? कपिलले इचारलं, हे बाई कोण. त्यानं खरं ते सांगतलं."

"काय सांगतलं?"

"माझे सासरे हायेत म्हणून."

"मंग?"

"मंग काय! साहेबाले वाटलं, आमी त्याची थट्टा करून राह्यलो. आता पुरावा द्या म्हणते, नाई तं अर्ज खारीज. परमिट संपलं का मले निघा लागन, बाबा. कपिल इकडं, मी तिकडं. बर्फात उभी राहून बशीची वाट पाह्यली, रात्रपाळ्या केल्या, सारं निभलं. आन् आता मले घरी धाडते कोण, तं तुमचं लुगडं?"

मी म्हटलं, "रडू नको माय, पुरावा देतो." यात काय एवढं? बाई मी, जिवंत मी, मिशा जागेवर. सरपंचाचा दाखला घ्यायचा, दारव्ह्याच्या नोटरीचा शिक्का मारायचा, झालं.

आमच्या सरपंच रुपीबाई. मी जाऊन म्हटलं, "बाई, दाखला पायजे. जावयाच्या फोटोतली नवरी मीच हावो म्हणून."

त्यांनी मान वर केली नाही. "नानाजी, मांगच्या साली मंत्री येऊन राह्यला म्हणून मले हार घेऊन फाट्यावर उभं केलतं. हार सुकला, मी सुकली, मंत्री काई आला नाई. आता मी सही करतो, आन् उद्या तुमी तो कागद चावडीवर चिकटवान."

"आईची शप्पत, खरं हाये."

"मंत्र्याच्या टायमालेबी आईचीच घेतलती."

तिथून दारव्ह्याला. नोटरी वकील शांत माणूस. फक्त एकदा, ते नवे आले होते तेव्हा, मी बाजारात उठवून दिलं होतं की ऑफिसात जनावरांचा फुकट डॉक्टर बसतो. त्यांच्या दारात बकऱ्या बांधल्या गेल्या, एका म्हाताऱ्यानं तर आजारी म्हैस पायरीपर्यंत आणली. वकिलांनी माझं सगळं ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि म्हणाले, "मी फक्त जनावरांचं पाहतो."

स्टँडवर येऊन बसलो. एसटी आली आणि गेली, मी उठलो नाही. बाजूच्या माणसाला काय झालं ते सांगितलं. तो पोट धरून हसला, त्यानं दुसऱ्याला बोलावलं, दुसराही हसला. जन्मभर याच हसण्यासाठी राबलो होतो मी. आता ते बंद कसं करायचं हे काही येत नव्हतं. खिशात फोन वाजत होता, निकिताचा. उचलायची हिंमत झाली नाही.

शेवटी तिकडच्या वकिलानंच वाट काढली. तेच लुगडं, तीच जागा, तोच पदर. कॅमेरा बंद न करता पदर वर करायचा आणि स्वतःच्या तोंडानं सांगायचं, मी कोण. म्हणजे धुळवड नाही, भांग नाही, डफडं नाही, आणि भर दिवसा पुन्हा नवरी.

कोकिळा म्हणाली, "नेसवून देतो. पण दात काढले तं याच पदरानं गळा आवळीन."

ती निऱ्या करत होती, मी भिंतीला धरून उभा.

"पोट आत घ्या. तवा कोणं नेसवलतं?"

"देवरावनं. त्याले सवय हाये."

"म्हणूनच साहेब फसला. म्या नेसवलं असतं तं त्याले बाई नसती दिसली, रेडा दिसला असता."

देवळासमोर अय्याजनं कॅमेरा लावला. निम्मं गाव गोळा झालं. पोरं कंपाउंडवर चढून बसली, रुपीबाईही येऊन उभ्या राहिल्या. नवरदेवाच्या खुर्चीवर फोन उभा केला, फोनात कपिल. बिचारा कामावरच्या जाड कोटातच होता. त्याचं बाशिंग मी फोनला बांधलं. (ते पाहून कोणीतरी फस्सकन हसलं. मीही हसणार होतो, तर कोकिळेनं पदर ओढला.)

अय्याज म्हणाला, "बोला काका."

मी पदर वर केला. रात्रभर पाठ केलं होतं, मी नानाजी, राहणार बोरी अरब, तालुका दारव्हा. पण कॅमेऱ्याच्या काचेत मला माझंच तोंड दिसलं. कुंकू, मिशा आणि मधे लाल झालेलं नाक. सगळं पाठांतर गेलं.

"साहेब," मी म्हटलं, "हे बाई मीच हावो. तेव्हाबी मीच होतो. आमच्या कपिलनं दुसरी कोणी केली नाई. माह्या पोरीचं लग्न खरं हाये. खोटा मी हाये, जन्माचा. माही सजा तिले देऊ नका."

बोलणं संपलं आणि मी हसण्याची वाट पाहत राहिलो. सवय हो. आयुष्यातलं सगळ्यात जबरदस्त सोंग, अंगावर लुगडं, बाजूला बाशिंग बांधलेला फोन, समोर निम्मं गाव, आणि एकही माणूस हसला नाही. फोनातल्या कपिलनं मान खाली घातली होती.

रुपीबाई पुढं आल्या. "आना तो कागद इकडं," म्हणाल्या आणि खुर्चीच्या पाठीवर ठेवूनच सही केली. नोटरीनं व्हिडिओ पाहिला, शिक्का मारला, बकऱ्यांचा विषय काढला नाही.

मग वाट पाहणं. कापूस वेचून झाला, तुरी निघाल्या, उन्हाळा लागला. फोन वाजला की कोकिळा हातातलं टाकून धावायची आणि माझ्याकडं अशी बघायची, की धुळवडीला मी घरातच बसून राहिलो. गावात त्या वर्षी खोटं लग्न लागलंच नाही. कोणी जावई तयार होईना.

आणि एका सकाळी निकिता फोनवर ओरडली, "बाबा, झाली मी पक्की!"

मी गावभर पेढे वाटले. अय्याजनं दोन खाल्ले. जफरनं विचारलं, "अब बेटी वहींच रहेगी ना, नानाजी? हमेशा के लिये?"

मी म्हटलं, "हौ." आणि हातातला पेढा तसाच राहिला.

कच्ची होती तोवर वाटायचं, कधीतरी परत येईल. नोकरी सुटेल, थंडीला कंटाळेल, यवतमाळात कुठं काम पाहील. आता कशाला येते? लुगडं नेसून, मिशा दाखवून, हात जोडून मीच तिला कायमचं तिकडं ठेवून आलो होतो. एवढी मोठी खोडी मी स्वतःशीही कधी केली नव्हती.

घरी आलो. कोकिळा ते पिवळं लुगडं धुऊन घडी करत होती. गुलालाचा डाग काही गेला नव्हता. मी बाजूला बसलो आणि तिला धीर द्यावा म्हणून म्हटलं, "निकिताचे माय, रडू नको. पोरगी पक्की झाली, आता तिले मायबापासाठीबी अर्ज करता येते म्हंते. आपुन दोघंबी जाऊ कॅनडात."

तिनं लुगड्याची घडी माझ्या मांडीवर ठेवली.

"मी तं जाईन. मी माय हावो तिची, माह्यं नातं सरळ हाये. तुमच्या नावासमोर पोरीनं काय लिवावं? बाप का सवत?"