बाळाभाऊंचा भोंपू

‘गिरणी बंद पडल्याचा धक्का बाळाभाऊंना सोसला नाही. ती अजून चालूच आहे, या भ्रमात ते कित्येक वर्षे राहिले. रोज सकाळी भोंपू वाजवून ते आपल्या बागेतल्या पुदिन्याची हजेरी घेत, आणि कोणाला त्यातली काडीही देत नसत. अखेरीस भोंपू वाजवायचेही विसरून गेले. असा हा आमच्या राजेंद्र नगरातला कंजूष, विनोदी आणि करुण माणूस!’

हे चिरंजीव केदारने, हिंदी मुलखातल्या आमच्या या मराठी वस्तीच्या यंदाच्या गणेशोत्सवाच्या स्मरणिकेत छापले आहे. लोक ते वाचून हसले, हळहळले आणि प्रसादाच्या रांगेत जाऊन उभे राहिले. मी हसलो नाही. केदारला मी बीजगणित शिकवले आहे. आधी उत्तर लिहायचे आणि मागाहून पायऱ्या जुळवायच्या, ही त्याची खोड तेव्हापासूनची. शिवाय त्याने बाळाभाऊंना पाहिले ते रस्त्यापलीकडच्या खिडकीतून, अर्ध्या चड्डीच्या वयात. माझ्या आणि त्यांच्या अंगणात फक्त छातीएवढी भिंत होती, आणि मी तेव्हा जाणता होतो.

भोंपू होता, हे मी नाकारत नाही. पितळेचा, रबरी फुग्याचा, कुठल्याशा मोडीत निघालेल्या टेम्पोवरून काढलेला. फाटकाशेजारच्या खिळ्याला तो टांगलेला असे. बाळाभाऊ गिरणीच्या टाइम ऑफिसात हजेरीबाबू होते. भोंगा झाला की फाटक बंद, आणि मागे राहिलेल्याचा दिवस बुडाला, या शिस्तीत त्यांची उमर गेली होती. विधुर माणूस. स्वच्छ पांढरा सदरा, खिशाला पेन आणि चेहऱ्यावर कायम कोणीतरी उशिरा आल्याचा भाव.

बागेची गिरणीसारखी खातीही होती. पुदिना जमिनीवर धागे टाकत पसरतो, म्हणून ते सूतखाते. गवती चहाचे ठोंब भिंतीलगत मागांसारखे रांगेने उभे, ते साळखाते. कोथिंबीर ‘बदली’वरची, म्हणजे आज आहे, उद्या नाही. मागच्या पडवीत जुन्या धोतरांवर पाने सावलीत वाळत, ते फोल्डिंग, म्हणजे घडीखाते. तुळस दरवान. ‘मास्तर, दरवानाला हात लावायचा नाही,’ असे ते मला बजावत, आणि स्वतः मात्र रोज तिच्या मंजिऱ्या खुडत. ‘मंजिरी ठेवली की पानं बारीक होतात. दरवान कसा भरलेला दिसला पाहिजे.’

केदारच्या मातोश्री एका रविवारी कोथिंबीर मागायला आल्या, तो प्रसंग स्मरणिकेत आहे. संवाद मात्र नाही. तो मी भिंतीवरून ऐकलेला असा:

‘बाळाभाऊ, चार काड्या द्या हो. पोहे झालेत, वरून घालायला काही नाही.’

‘आज सुट्टी. खातं बंद.’

‘अहो, कोथिंबिरीला कसली सुट्टी?’

‘कोथिंबिरीला नाही, वहिनी. कापणाऱ्याला आहे.’

‘मग मी कापते ना, भिया! पोहे गार होतायत.’

‘बाहेरचा माणूस खात्यात चालत नाही. जीरावण मसाला टाका आज जास्त.’

वहिनी तणतणत गेल्या, आणि ‘कंजूष’ हा शब्द राजेंद्र नगरात त्या दिवशी जन्माला आला. परंतु ‘कापणारा’ कोण, हे विचारण्याचे कोणाला सुचले नाही. केदारलाही नाही.

प्रथम त्या भ्रमाचा समाचार घेतो. ते दिवस विचित्र होते. बाजारात परदेशी कंपन्यांच्या नव्या नव्या वस्तू येत होत्या, आणि गिरण्यांच्या चिमण्यांतून धूर निघेनासा झाला होता. सगळे शहर म्हणत होते, चालू होईल, दिल्लीहून काहीतरी होईल. एकटे बाळाभाऊ म्हणत, ‘मास्तर, मशिनी भंगारात गेल्या. मी ट्रक जाताना पाहिले. आता भोंगा व्हायचा नाही.’ ज्याला भ्रम झाला असे आपण म्हणतो, तोच त्या वेळी शुद्धीवर होता.

आता तो कापणारा. त्याचे नाव मांगीलाल. त्याच गिरणीतला विणकर, उंच, अबोल आणि मानी. गिरणी बंद झाल्यावरही तो सकाळी डबा घेऊन घरातून निघे आणि कुलूप लागलेल्या फाटकासमोरच्या पुलियावर, म्हणजे मोरीच्या कठड्यावर, दिवसभर बसे. बाळाभाऊंना तो तिथे दिसला. त्यांनी मदत देऊ केली, तेव्हा मांगीलालने पाठ फिरवली. ‘घर में बहू के सामने खाली हाथ नहीं बैठा जाता, बाबूजी, इसलिए यहाँ बैठता हूँ. माँगने नहीं बैठा.’

बाळाभाऊ घरी आले. काही दिवसांनी पुन्हा गेले आणि हजेरीबाबूच्या आवाजात म्हणाले, ‘मांगीलाल, मेरे यहाँ आदमी कम है. सुबह की शिफ्ट. लेट आओगे तो फाटक बंद.’

दुसऱ्या सकाळी त्यांच्या अंगणात भोंपू पहिल्यांदा वाजला.

मांगीलाल दव सुकले की पुदिना कापी, फुलावर यायच्या आत; फूल आले की पानाचा वास उतरतो. गवती चहा पांढऱ्या बुंध्याच्या वर कापी, म्हणजे ठोंब पुन्हा फुटे. प्रत्येक जुडी तो सुताने बांधी आणि तुटला धागा मागावर जोडतात तशी बारीक गाठ एका हाताने मारी. त्या जुड्या तो चहाच्या आणि कचोरीच्या ठेल्यांवर नेऊन विकी. जे मिळे ते त्याचे. म्हणून बाळाभाऊ कोणाला काडी देत नसत. बाग त्यांची होती, पीक त्यांचे नव्हते. स्वतः ते पुदिना खात नसत, आणि गवती चहाला ‘गवताचं पाणी’ म्हणत.

एकदा मांगीलाल उशिरा आला. भोंपू होऊन गेला होता. बाळाभाऊंनी फाटकाची कडी लावली आणि आतूनच म्हणाले, ‘टाइम हो गया.’ मांगीलाल परत फिरला. मला राहवले नाही.

‘बाळाभाऊ, हद्द झाली! एवढ्या लांबून चालत आलेला माणूस. ही काय खरंच गिरणी आहे?’

ते भिंतीजवळ आले.

‘मास्तर, आज आत घेतला असता, तर उद्या तो आला नसता. त्याला कळलं असतं की इथे काम नाही, दया आहे.’

दिवसभर ते जेवले नाहीत. भांड्यांचा आवाज मला भिंतीपलीकडून येत असे; त्या दिवशी आला नाही. दुसऱ्या सकाळी मांगीलाल भोंपूच्या कितीतरी आधी येऊन फाटकाबाहेर उभा होता. बाळाभाऊंनी त्याला पाहिले, त्याने बाळाभाऊंना पाहिले. दोघेही वेळ होईपर्यंत तसेच उभे राहिले. मग भोंपू वाजला, आणि तो आत आला.

दुपारी बाळाभाऊ सायकल काढून जात. केदारच्या मते, भटकायला. एकदा त्यांचे चाक पंक्चर झाले आणि मी त्यांना स्कूटरवर नेले, म्हणून मला ठाऊक आहे. ते पोलोग्राउंड भागातल्या कारखान्यांची दारे झिजवत होते. त्या दिवशी निवार, म्हणजे खाटेची पट्टी, विणणाऱ्या एका छोट्या कारखान्याच्या मालकापुढे ते उभे राहिले.

‘धागे का आदमी है, सेठ. टाइम का पक्का. मेरी हाजिरी में एक ही बार लेट हुआ है.’

‘कौन-सी हाजिरी, बाबूजी? मिल तो कब की बंद है.’

‘उसके बाद की,’ बाळाभाऊ म्हणाले.

मालक हसला नाही. म्हणाला, ‘भेज दो.’

मांगीलालला त्यांनी फाटकाशीच सांगितले. त्याने पुदिन्याकडे पाहिले. ‘और यहाँ का काम, बाबूजी?’

‘बदली लगा लूँगा. तू टाइम पे पहुँच.’

बदली कोणी आला नाही. त्या मोसमात मी त्यांच्या पुदिन्याला पहिल्यांदा फुले आलेली पाहिली, फिकट जांभळी. वहिनींना ते स्वतः हाक मारून सांगू लागले, ‘घेऊन जा, हवी तेवढी.’ राजेंद्र नगर म्हणाले, स्वभाव निवळला. सकाळी ते पायरीवर बसून फडक्याने भोंपूचे पितळ घासत आणि पुन्हा खिळ्याला लावत. विसरलेली वस्तू कोणी रोज घासत नाही. पण तो मुद्दा मी बाजूला ठेवतो.

भ्रम होता की नव्हता, याचा निकाल एका गोष्टीने लागतो, आणि तिचा साक्षीदार मी आहे. ज्या सकाळी मांगीलाल पोलोग्राउंडला कामावर रुजू झाला, त्या सकाळी भोंपू वाजला नाही. आणि पुढे बाळाभाऊ होते तोवर कधीच वाजला नाही.