जाळीतले जावईबापू

जावईबापूंनी ठरवलं, टोमॅटोला जाळी लावायची. बस्स, एवढंच ठरवलं होतं हो त्यांनी!

कारणही तसंच होतं. घरामागच्या वाफ्यात त्यांनी हौसेनं भाजी लावली तेव्हा सगळे हसले. हसले नाहीत ते फक्त सासरे. ते शिंपी, मोजूनमापून बोलणारा माणूस. "लावा हो, येईल," एवढंच म्हणाले, आणि तेवढ्यावर जावईबापूंनी रोज बादल्या वाहिल्या. वांगी किडीनं नेली, काकड्या पाखरांनी. उरला एकुलता एक टोमॅटो. लिंबाएवढाच, पण लालबुंद. हा सासऱ्यांच्याच हातात द्यायचा, असं ठरलं. रविवारी ते जेवायला येणारच होते.

रविवारी सकाळी जावईबापूंनी काठ्या रोवून वाफ्यावर जाळी टाकली, कडेनं विटा ठेवल्या आणि समोरची उभी फट सुईदोऱ्यानं शिवायला घेतली. जाळीच्याच रंगाचा दोरा, टाक्याला टाका, दर टाक्याला गाठ. (ऑफिसात एवढं लक्ष दिलं असतं तर एव्हाना साहेब झाले असते.) शेवटची गाठ मारून कौतुकानं मागे सरकले, तर पाठीला टोमॅटोचं झाड लागलं.

म्हणजे ते आत होते.

"अगं, ऐकलंस का?"

बायको आली आणि बघतच राहिली. "अहो, पाखरं कोंडायची होती की स्वतःला?"

"कात्री आणू नकोस हं! भोक पडलं की संपलं सगळं."

"मग जेवायचं काय? पोळीची गुंडाळी करून जाळीच्या भोकातून सरकवू?"

तेवढ्यात सासरे हजर. धरणी पोटात घेईल तर बरं, असं जावईबापूंना झालं. पण सासऱ्यांनी हसण्याचं नावही काढलं नाही. चष्मा लावला, स्टूल ओढलं आणि टाचणीनं एकेक गाठ सोडवायला लागले.

"हात सुबक आहे हो तुमचा. असा टाका कापायचा नसतो, उसवायचा असतो."

जेवण निवलं. ऊन डोक्यावर आलं. हा म्हातारा माणूस आपल्या टोमॅटोपायी घामाघूम होतोय, हे जावईबापूंना बघवेना. सख्ख्या बापानंही इतकं केलं नसतं.

"बाबा, तुमचे उपकार मी कसे फेडू..."

एवढ्यात दोन विटांच्या मधून, जाळीची कड नाकानं उचलून, एक खार आत आली. तिनं टोमॅटो तोडला, जावईबापूंकडे एकदा पाहिलं आणि आल्या वाटेनं टोमॅटो तोंडात धरून निघून गेली.

मग सासरे सावकाश उठले, एक वीट बाजूला केली, जाळी वर उचलली आणि म्हणाले, "या."

जावईबापू रांगत बाहेर आले. डोळ्यांत पाणी.

"तुमच्यासाठी राखला होता हो, बाबा."

सासऱ्यांनी त्यांच्या गुडघ्यांवरची माती झटकली. "पोचला मला. आणि आभार माझे नका मानू, खारीचे माना. टोमॅटोचं मनाला लावून घेऊ नका, जावईबापू. वाटाड्याला काहीतरी द्यावंच लागतं."