कांबळे सरांचे थेंब

शिवाजी पेठेत एका जावळाच्या जेवणात आमचे कांबळे सर एका अनोळखी माणसाच्या पोटाला सहा इंची पट्टी लावून वाकले होते. "पावणं, जरा हलू नका," म्हणत होते. पाहुण्याच्या पांढऱ्या सदऱ्यावर तांबड्या रश्शाचे थेंब उडाले होते आणि तो वाढप्यावर तोंडसुख घेत होता. सरांनी थेंब मोजले, वहीत लिहिले आणि म्हणाले, "त्याला कशाला बोलताय? वरनं सांडलं असतं तर थेंब गोल पडला असता. ह्यो लांबुडका हाय. शेपूट डावीकडं, म्हंजे आलाय उजवीकडनं."

उजवीकडे पाहुण्याचे सख्खे मेहुणे ताटावर मटणाची नळी आपटून फोडत बसले होते. पुढचं जेवण फार शांततेत झालं.

राजारामपुरीतल्या आमच्या ज्युनिअर कॉलेजात सर पदार्थविज्ञान शिकवायचे, मी रसायनशास्त्र. दोन्ही प्रयोगशाळांच्या मधे एकच लाकडी दार. त्यामुळे त्यांच्या खोलीतलं सगळं माझ्या खोलीत यायचं. मुंग्यासुद्धा.

मुंग्यांचं कारण काकवी. सरांची जुनी विद्यार्थिनी वैशाली पोलिसात फौजदार झाली होती. एकदा तिनं सहज विचारलं, "सर, रक्ताचा थेंब बघून तो किती उंचीवरनं पडला ते कळतं का?" सर म्हणाले, "बघून सांगतो." ते 'बघून सांगणं' पुढे नऊ वर्षं चाललं. लाल शाई फार पातळ, थेंब रक्तासारखा पसरत नाही, म्हणून ते काकवीत पाणी आणि रंग घालून दाटपणा जुळवत बसत. मग शिडीवर चढून ड्रॉपरनं एकेक थेंब फरशीच्या तुकड्यांवर सोडायचे. फरशी सपाट, मग तिरकी, मग आणखी तिरकी. थेंबाची रुंदी भागिले लांबी, त्यावरून कोन. "अकरावीचं गणित हाय, मॅडम. फक्त ह्यात मार्क न्हाईत." प्राचार्यांनी शिडीबद्दल खुलासा मागवला, तर सरांनी उत्तरासोबत आलेख जोडला.

माणूस अचूकपणाला इतका चिकटलेला, की कोणी "कसं काय सर, बरं आहे ना?" विचारलं तर "कालच्यापेक्षा व्हय, परवापेक्षा न्हाय" असं उत्तर मिळे. माझ्या मुलीच्या साखरपुड्यात त्यांनी होणाऱ्या जावयाला "तुमची उंची सांगितल्यापेक्षा दीड इंच कमी हाय" असं सर्वांसमोर सांगितलं. मी महिनाभर त्यांच्याशी बोलले नाही. त्यांना ते कळलं की नाही, ठाऊक नाही.

आणि मग गडहिंग्लजजवळच्या एका खेड्यातली ती गोष्ट घडली.

वैशालीची बदली तिकडेच झाली होती. तिनं सरांना फोन केला. तानूबाई नावाची म्हातारी घरात मरून पडलेली सापडली होती. डोक्याला खोक, फरशीवर रक्त. घरात दुसरा माणूस म्हणजे तिचा मुलगा महादेव, साखर कारखान्यात कामाला. त्या दिवशी सकाळी मायलेकरांचं कडाक्याचं भांडण शेजाऱ्यांनी ऐकलं होतं. तिच्या डोळ्यांत मोतीबिंदू, आणि ती ऑपरेशनला तयार नव्हती, एवढंच कारण. पण घरात काठी सापडली आणि गावानं निकाल लावून टाकला. महादेव दोन दिवस ठाण्यात बसून होता. प्रयोगशाळेचा अहवाल यायचा तेव्हा येणार होता.

माझं माहेर गडहिंग्लजचं, म्हणून सर मला सोबत घेऊन गेले. "टेपचं दुसरं टोक धरायला कुणीतरी पायजे," म्हणाले.

दोन खोल्यांचं घर, शहाबादी फरशी. फोटो, नमुने, सगळं आधीच घेऊन झालं होतं. सर दारातच चपला काढून, पायांना प्लास्टिकच्या पिशव्या बांधून आत गेले आणि तासभर गुडघ्यांवर रांगत होते. त्या तासात ते एकही विनोदी वाक्य बोलले नाहीत. एरवीही ते मुद्दाम बोलत नसत.

"वैशाली, हिकडं ये," ते शेवटी म्हणाले. "काठीनं मारलं असतं तर पुन्हा काठी उचलताना रक्त उडालं असतं. भिंतीवर, आढ्याला, लांबट रेघा दिसल्या असत्या. एक न्हाय. सगळे थेंब आपल्याच वजनानं खाली पडलेत. म्हातारी पाय घसरून पाण्याच्या कट्ट्यावर आपटली. कडेला केस हायत बघ."

वैशालीनं मान हलवली. डॉक्टरांनीही जखम दगडाच्या कडेची असल्याचं सांगितलं होतं, आणि महादेव दिवसभर कारखान्यात होता हे हजेरीवरून दिसत होतं.

"आणि हे?" तिनं बाहेरच्या खोलीकडे बोट केलं.

कट्ट्यापासून बाहेरच्या दारापर्यंत थेंबांची ओळ गेली होती. प्रत्येकाचं बारीकसं शेपूट दाराकडे. दाराशी मात्र गोल थेंब, एकावर एक, ओंजळभर जागेत. मग पुन्हा ओळ, शेपटं उलटी, आत.

सर दाराशी जाऊन उकिडवे बसले.

"ती उठली," मग म्हणाले. "दारापतोर चालत आली. हितं हुभी ऱ्हायली. थोडा येळ न्हाय, बराच. मग परत आत जाऊन बसली."

दाराला बाहेरून कडी होती. दिसत नसलेली आई रस्त्यावर जाऊ नये, म्हणून महादेव कामावर जाताना रोज कडी लावायचा. हे त्यानंच पोलिसांना सांगितलं होतं.

सरांनी तिथंच बसून टिपण लिहिलं. काहीही न वगळता, दाराशी उभं राहण्यासकट, आणि वैशालीच्या हातात दिलं. मग विचारलं, "आता फरशी धुतली तर चालंल?"

"चालेल, सर. आमचं काम झालंय."

मला वाटलं, ते कुणाला तरी बोलावतील. पण त्यांनी सदऱ्याच्या बाह्या वर केल्या, बादली भरली आणि आधी दाराजवळची जागा धुवायला घेतली. मी खराटा घेतला. शहाबादीच्या भेगांतून रक्त लवकर निघत नाही. सर नखांनी काढत होते.

दुपारी वैशालीनं महादेवला घरी आणून सोडलं. चाळिशीचा आडदांड माणूस, पण उंबऱ्यात येऊन लहान मुलासारखा थांबला. त्याला कोणीतरी सांगितलं होतं की कोल्हापूरचे सर थेंब बघून सगळं सांगतात. तो सरांपुढे हात जोडून उभा राहिला.

"सर, एकच सांगा. आईनं हाक मारली आसंल का? मी कडी लावून गेलतो."

मी खाली बघितलं. वैशालीनं टिपणाचा कागद घडी करून खिशात घातला.

"न्हाय, महादेवा," सर म्हणाले. "पडल्या पडल्या शुद्ध गेली तिची. तिला काय कळलंबी न्हाय."

"नक्की?"

"नक्की."

महादेव खाली बसला आणि रडला. सर त्याच्याजवळ फरशीवर बसून राहिले, पाठीवर हात ठेवून, आमची यष्टी चुकेपर्यंत.

नंतरच्या गाडीत निपाणी मागे पडल्यावर राहवलं नाही. म्हटलं, "सर, तुम्ही त्याला..."

ते खिडकीबाहेर बघत होते.

"मॅडम," ते म्हणाले, "त्याला रोज त्याच दारातनं जायचं हाय."