चारशे बारा पिशव्या

सकाळी नऊ वाजून दहा मिनिटांनी मदतीच्या धान्याचा ट्रक साथीमुळे बंद केलेल्या वस्तीच्या तोंडाशी पोहोचला आणि तिथेच उभा राहिला. ट्रकमध्ये चारशे बारा पिशव्या होत्या. अडसराच्या पलीकडे, यादीप्रमाणे, चारशे बारा माणसं होती. माणशी एक पिशवी. इतका चोख मेळ खात्यात पूर्वी कधी बसला नव्हता, त्यामुळे पुरवठा अधिकारी खुशीत होते.

ड्रायव्हरची थोरली बहीण पलीकडे तापाने पडली होती. तिचा फोन आला.

"तुझा हॉर्न ओळखला रे. दोन दिवस चूल थंड आहे. आता हॉर्नच खाऊ का?"

"आलोच, ताई."

पण आत गेलेल्याला एकवीस दिवस बाहेर पडता येत नव्हतं, म्हणून एकही हमाल आत जायला तयार नव्हता.

"साहेब, मी पिशव्या अडसरावरून फेकतो," ड्रायव्हर म्हणाला.

"हद्दीपलीकडे फेकलेली वस्तू कचऱ्यात मोडते. आजाऱ्यांच्या वस्तीत कचरा? शोभतं का?"

"मग मीच आत जातो. राहतो एकवीस दिवस."

अधिकाऱ्यांनी त्याच्या पाठीवर थाप मारायला हात उचलला, साथ आठवून खाली घेतला. मग त्यांना आणखीही काही आठवलं.

"तुम्ही आत गेलात की माणसं चारशे तेरा. पिशव्या चारशे बारा. अपुरा साठा आत सोडता येत नाही."

"मी नाही जेवणार."

"वस्तीत एकही माणूस उपाशी नाही, असा अहवाल कालच वर गेलाय. तो खोटा पाडता?"

"मग एक पिशवी वाढवा की!"

"वाढवू ना. नवी मागणी, नवी मंजुरी. आठवडा धरून चाला."

ड्रायव्हरने हात जोडले, आवाज चढवला, पुन्हा हात जोडले. दगडाला एखादे वेळी पाझर फुटतो. परिपत्रकाला फुटत नाही.

दुपारी तीन वाजून वीस मिनिटांनी अधिकाऱ्यांना आरोग्य कक्षातून फोन आला. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा उजळला.

"जुळलं! आत एक कमी झालाय. ते चारशे अकरा आणि तुम्ही एक. काढा गाडी!"

अडसर वर गेला. शिपायांनी टाळ्या वाजवल्या. सुटलं एकदाचं, म्हणून वाचकहो, तुम्हालाही क्षणभर हायसं वाटलंच की.

ड्रायव्हरने चावी फिरवली नाही. "कोण गेलं, साहेब?"

"आम्हाला फक्त संख्या कळवतात. नावासाठी वेगळा अर्ज."

त्याने बहिणीचा नंबर लावला. तीन पन्नासपर्यंत नुसती रिंग जात होती. अधिकारी घड्याळाकडे बघून त्याला घाई करत होते, कारण चार वाजता आतली माणसं पुन्हा मोजली जाणार होती.